निळे ब्रिटन, तांबडा ज्युपिटर : रंगशब्दांच्या पाट्यांच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२४

बारा पाट्यांचा संच करायचा आहे. विषय केल्टिक (पश्चिम युरोपातल्या जुन्या टोळ्यांचे) आणि रोमन योद्ध्यांचे रंग, आणि त्या रंगांना तेव्हा वापरलेले शब्द. प्रत्येक पाटी ए-फोर आकाराची, ३ मिमी जाड पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला मूळ शब्द देवनागरीत आणि तो ज्या वाक्यात येतो त्याचा मराठी अर्थ. उजव्या बाजूला त्या पदार्थाचा प्रत्यक्ष नमुना : लोकरीची लडी, मेणाचा थर, केसांचा झुबका. छापील रंग कुठेही नाही. छापील निळ्यावर बोट ठेवून ‘हाच तो’ म्हटले की पुढची सगळी चर्चा चुकते.

काळाची हद्द : इ. स. पू. २२५ ची इटलीतली तेलामोनची लढाई ते रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातला लष्करी लेखक व्हेजिटियस.

इंग्लंडमधल्या वाफ्यात आज वोडचे बी टाकले. वोड म्हणजे मोहरी-कोबीच्या कुळातली दोन वर्षे जगणारी वनस्पती. निळा रंग पहिल्या वर्षीच्या पानांत असतो. दुसऱ्या वर्षी झाड फुलावर येते आणि पानात जवळपास काही उरत नाही. बी काळ्या चपट्या शेंगेत असते आणि शेंगेचे टरफल उगवण रोखते, म्हणून शेंगा चोळून फोडल्या आणि बी रात्रभर भिजवले. दोन ओळींत ३० सेंमी अंतर. मागच्या वर्षी कोबी होता तो वाफा टाळला, कारण मुळांना गाठी धरणारा रोग दोघांचा एकच. जुने शेणखत भरपूर घातले. नत्र कमी पडले तर पाने लहान राहतात आणि रंगही कमी मिळतो.

२७ एप्रिल

पाटी १ : वित्रुम. सगळ्यांना ठाऊक असलेला आणि सगळ्यात जास्त ताणलेला शब्द.

सीझरने इ. स. पू. ५५ आणि ५४ मध्ये ब्रिटनवर स्वाऱ्या केल्या. गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या प्रदेशातल्या) युद्धावरच्या टिपणांच्या पाचव्या भागात त्याचे वाक्य आहे : सगळे ब्रिटन (तिथले लोक) वित्रुमने अंग रंगवतात, त्याने केरुलेउस, म्हणजे निळा, रंग येतो आणि लढाईत ते अधिक भयंकर दिसतात, केस लांब ठेवतात, डोके आणि वरचा ओठ सोडून बाकी अंग भादरतात. इतकेच. गोंदण्याचा उल्लेख नाही, नक्षीचा नाही, नागडे लढण्याचाही नाही.

अडचण पहिल्याच शब्दात. वित्रुम म्हणजे वोड असे समजतात, पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काच असाही आहे. म्हणून तांबे किंवा लोखंड असलेली एखादी रंगमाती असावी असेही अभ्यासकांनी सुचवले आहे. १९८४ मध्ये चेशरमधल्या लिंडो मॉस या दलदलीत प्राचीन माणसाचे शव सापडले. त्याच्या त्वचेत तांबे आढळल्यावर या तर्काला जोर आला. पुढे त्यावर आक्षेपही आले. पाटीवर आम्ही वोडच ठेवतो, कारण पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी त्याच वनस्पतीचे गॉलमधले नाव देतो : ग्लास्तुम. इसबगोलाच्या जातीच्या पानासारखे तिचे पान, असे तो सांगतो. आणि पुढे : ब्रिटनांच्या बायका आणि सुना काही धार्मिक विधींत ते सर्वांगाला फासून नग्न चालतात, इथिओपियन लोकांच्या वर्णाची नक्कल करत.

इथे इंग्रजी वाचणारा अडखळतो. निळा लेप आणि इथिओपियन वर्ण यांचा मेळ कसा? मराठी वाचक अडखळू नये. घननीळ म्हणताना आपण आकाशी रंग डोळ्यांपुढे आणत नाही. पावसाने भरलेला काळा ढग आणतो. सावळा आणि निळा हे एकाच देवाचे वर्ण. आयरिशमध्येही हाच पट्टा आहे. गोर्म म्हणजे निळा, पण कृष्णवर्णीय माणसाला आयरिशमध्ये ‘फेर गोर्म’ म्हणतात. प्लिनी आणि सीझर एकमेकांना खोटे पाडत नाहीत. एकाने जाड लेप सांगितला असेल, दुसऱ्याने पातळ. हे लेप देऊन बघायचे (ऑगस्टमध्ये, रंगद्रव्य हातात आल्यावर).

रोमन कवींपैकी ओव्हिड मात्र ब्रिटनांना हिरवे म्हणतो आणि मार्शल केरुलेउस. दोघांचीही वाक्ये पाटीच्या मागच्या बाजूला.

१८ मे

शब्दांची छाननी. यात दोन आठवडे गेले आणि ते जायलाच हवे होते.

केल्टिक ‘ग्लास’ आधी. वेल्शमध्ये ग्लास म्हणजे निळा, पण गवताला ग्लासवेल्त म्हणतात, म्हणजे शब्दशः निळी काडी. आयरिशमध्ये गवत ग्लास आणि करडा घोडाही ग्लास. जुन्या आयरिशमध्ये वोडच्या झाडाला याच धातूवरून नाव आहे, ग्लाइशेन. ग्लास्तुम याच घरातला. म्हणजे हा शब्द हिरवा, निळा, करडा या तीन डब्यांवर पसरलेला नाही. त्याचा डबाच वेगळा आहे : ओले, थंड, उगवते. वेल्शला नुसत्या हिरव्यासाठी शब्द हवा झाला तेव्हा तो रोमनांकडून घेतला. ग्विर्द हा लॅटिन विरिदिसवरून आलेला.

तांबड्याचेही तसेच. वेल्शमध्ये रोजच्या वापरातला लाल म्हणजे कोख, आणि तो लॅटिन कोक्कुमवरून. कोक्कुम म्हणजे भूमध्य किनाऱ्यावरच्या एका ओक झुडपावर बसणारा किडा, ज्याच्यापासून भडक किरमिजी रंग निघतो. आपला ‘किरमिजी’ शब्दही त्याच किड्याच्या फारसी नावावरून आला. रंगाऱ्याच्या किड्याचे नाव एका भाषेत सगळ्या लाल रंगाचे नाव झाले. आयरिशमध्ये जांभळ्याला कोर्क्रा. लॅटिन पुर्पुरातल्या ‘प’चा ‘क’ झाला, कारण ज्या काळी तो उचलला तेव्हा आयरिश जिभेवर ‘प’ नव्हता.

लॅटिनमध्ये चकाकीचा हिशेब आहे. पांढरे दोन : आल्बुस म्हणजे निस्तेज पांढरा, कांदिदुस म्हणजे उजळ, झळकणारा. निवडणुकीला उभा राहणारा रोमन खडूने टोगा (अंगावर पांघरायचे वस्त्र) उजळवून घेई, त्यावरून कांदिदातुस. काळे दोन : आतेर निस्तेज, नीगेर चमकदार. रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मनांच्या हारी टोळीबद्दल एकाच वाक्यात दोन्ही वापरले आहेत. त्यांच्या ढाली नीगेर, अंगे रंगवलेली, आणि लढाईसाठी ते आतेर रात्री निवडतात. ढालीचा काळा रंग उजेड परत फेकतो, रात्रीचा गिळतो. मराठीत ढाल ‘काळीभोर’ आणि रात्र ‘काळीकुट्ट’ असे लावून पाहिले. बरोबर बसते. हारी केल्ट नव्हेत, ते पाटीवर ठळक लिहायचे.

डोळ्यांसाठी लॅटिनमध्ये केसियुस आहे. त्याला ‘निळसर करडा’ म्हणून चालवले जाते. ‘घारा’ हा तयार शब्द असताना असे का करावे कळत नाही. घारे हे फक्त डोळ्यांनाच म्हणतात, केसियुसही मुख्यतः डोळ्यांनाच.

सुरुवातीला प्रत्येक शब्दासमोर आधुनिक रंगतक्त्यातला क्रमांक द्यायचे ठरले होते. आज ते रद्द. ग्लासला क्रमांक देता येत नाही, आतेर आणि नीगेरला एकच क्रमांक येतो.

दुसऱ्या शतकातल्या रोमन लेखक गेलियसने फ्रोंतो आणि फावोरिनुस या विद्वानांचा रंगांवरचा संवाद लिहून ठेवला आहे. लॅटिनमध्ये रंगशब्द कमी आहेत, ही तक्रार तेव्हाही होती. उत्तरात फ्रोंतो तांबड्यासाठी लॅटिन शब्दांची माळच ओवतो : फुल्वुस, फ्लावुस, रुबिदुस, रुतिलुस, लुतेउस, स्पादिक्स. यातला फ्लावुस आपण पिवळ्यात टाकू. गुरांचे रंग सांगणारा शेतकरी आणि रोमन यांचे इथे चांगले जमले असते.

१५ जून

पाटी ५ : रूफुस. रोमन सैनिकाचा अंगरखा.

चित्रपटांमुळे सगळे सैन्य भडक लाल दिसते. मार्शलची दोन ओळींची कविता जास्त कामाची. रोम गडद रंगाचे कपडे घालते, गॉल रूफुस घालते, आणि हा रंग पोरांना आणि सैनिकांना आवडतो. बोलणे इटलीतल्या कानुसियम गावच्या लोकरीबद्दल आहे. रूफुस म्हणजे तांबूस, गंजाकडे झुकणारा. तांबड्या केसांच्या माणसालाही हाच शब्द.

साहित्य : १०० ग्रॅम पांढरी लोकर, तुरटी १५ ग्रॅम, टार्टर (द्राक्षाच्या दारूच्या तळाशी जमणारा आंबट क्षार) ६ ग्रॅम, मॅडर या लाल रंग देणाऱ्या झाडाच्या मुळांची भरड ८० ग्रॅम.

लोकर रात्रभर भिजवली. तुरटी आणि टार्टर गरम पाण्यात वेगळे विरघळवून भांड्यात. ८५ अंशांपर्यंत तासाभरात चढवले, तासभर तिथेच ठेवले, त्याच पाण्यात थंड होऊ दिले. मुळे रात्रभर भिजत होती. ती फडक्यात सैल बांधून लोकरीसोबत टाकली. तापमान ६० ते ६५ अंशांवर तासभर. इथले पाणी जड आहे, त्यामुळे खडूची पूड घालावी लागली नाही. मृदू पाणी असेल तर चिमूटभर घालावी, कॅल्शियमशिवाय मॅडरचा लाल खुलत नाही.

पहिली लडी स्वच्छ विटकरी लाल. दुसऱ्या लडीच्या वेळी भांडे ८५ अंशांच्या वर गेले आणि रंग तपकिरी पडला. मुळांत पिवळे-तपकिरी घटकही असतात, ते जास्त उष्णतेला उतरतात. रंगाऱ्याच्या दृष्टीने ही लडी बिघडली. पण मार्शलच्या शब्दाजवळ हीच येते. पाटीवर दोन्ही लावल्या आणि ‘रूफुस’ची खूण बिघडलेलीकडे केली.

महाराष्ट्रात कोणी हे करून बघणार असेल तर एक सूचना. आयुर्वेदिक दुकानातली मंजिष्ठा ही याच कुळातली, पण वेगळी जात. युरोपीय मॅडरमध्ये अलिझारिन हे रंगद्रव्य मुख्य. मंजिष्ठेत ते नावापुरतेच, पुरपुरिन आणि मुंजिस्टिन जास्त. त्यामुळे रंग नारिंगीकडे जातो. सुंदर असतो, पण तो रोमन नमुना म्हणून लावू नये. लोखंडी कढई दोन्हीला वर्ज्य, रंग काळवंडतो.

सैनिकी अंगरखा नेहमी रंगीतच असे असे नाही, कच्च्या पांढऱ्याचेही पुरावे आहेत. म्हणून न रंगवलेल्या लोकरीची तिसरी लडी. जाड झग्याचे नाव सागुम, आणि हा शब्द गॉलकडून लॅटिनमध्ये आलेला. ‘सागुम चढवणे’ म्हणजे युद्धाला निघणे. शत्रूच्या पोशाखाचे नाव रोमनांच्या युद्धाचे नाव झाले.

२७ जुलै

वोडची पहिली कापणी. पाने २० ते २५ सेंमी. सकाळी कापली आणि तासाभरात वापरली, कारण सुकू लागली की रंग घटतो. पाने जमिनीलगत छाटली, कोंब राखले. सहा-सात आठवड्यांनी दुसरी कापणी मिळावी.

पहिला घाणा, १ किलो पाने : फसला. दुसरा घाणा, २ किलो पाने : जमला. रीत दुसऱ्या घाण्याची.

पाने धुऊन हाताने फाडली. ८ लिटर पाणी ८५ अंशांवर आणून विस्तव बंद केला, पाने दाबून बुडवली, झाकण ठेवून १० मिनिटे. पाणी फिक्या चहासारखे झाले. मग भांडे बर्फाच्या टबात. पाच मिनिटांत ५५ अंश. पाने पिळून काढली, पाणी फडक्यातून गाळले. धुण्याचा सोडा २० ग्रॅम कपभर गरम पाण्यात विरघळवून घातला. पाणी लगेच हिरवट पिवळे. मग रवीने घुसळायचे, दहा मिनिटे, न थांबता. फेस आधी पिवळट, मग निळा, आणि शेवटी परत हिरवटाकडे झुकतो. तिथे थांबायचे.

पानात तयार निळा नसतो. असतो त्याचा बिनरंगी पूर्वज. गरम पाण्यात तो फुटून इंडोक्सिल बनतो आणि क्षारयुक्त पाण्यात हवा मिळाली की दोन-दोन रेणू जोडून नीळ तयार होते. म्हणून घुसळणे हेच खरे काम.

पहिला घाणा का फसला : बर्फ कमी होता, पाणी ५५ अंशांवर यायला अर्धा तास लागला आणि सोडा घाईने ७० अंशांवरच घातला. इंडोक्सिल टिकाऊ नसते. उष्णतेत आणि उशिरात त्याचे तांबूस-तपकिरी पदार्थ होतात. फेस निळा झालाच नाही. तळाला राखी-हिरवा चिखल. टाकून दिला.

२९ जुलै

दोन रात्री निवळल्यावर वरचे पाणी नळीने काढले. गाळ तीनदा स्वच्छ पाण्याने धुतला. शेवटच्या धुण्यात थोडे व्हिनेगर, म्हणजे सोड्यामुळे जड पाण्यातून खाली बसलेला चुनकट अंश जातो. बशीत वाळवून वजन ४.५ ग्रॅम. दोन किलो पानांमागे इतकेच, आणि ही शुद्ध नीळ नव्हे, पानांचा गर त्यात आहेच. सर्वांगाला फासायला एका माणसाला किती लागेल याचा अंदाज पुढच्या चाचणीत येईल. सैन्याला किती वाफे लागतील तो हिशेब आपापला करावा.

वोडची नीळ आणि आपल्याकडच्या नीळ झाडाची नीळ यांचा रेणू एकच. फरक फक्त प्रमाणाचा. आपल्या झाडात ती कितीतरी जास्त. रोमनांना भारतातली नीळ माहीत होती. प्लिनी तिला ‘इंदिकुम’ म्हणतो आणि सांगतो की दिसायला काळी, पण पातळ केली की जांभळ्या-निळ्याचे अद्भुत मिश्रण. भारताच्या सागरी व्यापाराचे पहिल्या शतकातले ग्रीक प्रवासटिपण सिंधूच्या मुखावरच्या बार्बारिकोन बंदरातून जाणाऱ्या मालात ‘भारतीय काळा’ नोंदवते. पुन्हा तेच : घट्ट असताना काळा, पातळ झाला की निळा.

१७ ऑगस्ट

पाटी २ साठी निळी लोकर. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून माठातला प्राणवायू संपवून ती पिवळट-हिरव्या विरघळत्या रूपात आणावी लागते. जुना मार्ग मूत्राचा. तीन आठवडे बंद बरणीत ठेवलेले २ लिटर मूत्र. त्यातल्या युरियाचा अमोनिया होऊन क्षारता (पीएच) ९ च्या आसपास येते, तीच लोकरीला सोसते. चुन्याचा किंवा कॉस्टिकचा तीव्र माठ कापसाला ठीक, लोकर खातो.

कापडी पुरचुंडीत २ ग्रॅम नीळ, माठ ३५ ते ४० अंशांवर, रोज पुरचुंडी पाण्याखालीच चोळायची. चौथ्या दिवशी थंडीमुळे तापमान २२ वर उतरले आणि काम थांबले, कारण ते जिवाणूंचे आहे आणि त्यांना ऊब लागते. पुन्हा उबदार पेटीत ठेवल्यावर आठव्या दिवशी पाणी पिवळट हिरवे, वर तांब्यासारखी चमकती साय. भिजवून पिळलेली २० ग्रॅमची लडी बाजूने सरकवून बुडवली, बुडबुडा होऊ न देता. एक तास. बाहेर काढताना पिवळी, हवेत हिरवी, दोन-तीन मिनिटांत निळी. एका बुडीत फिका, चार बुडींत गडद. चारही पायऱ्यांच्या लडी पाटीवर. हिरव्या क्षणाचा नमुना ठेवता येत नाही हीच खंत. ओव्हिडचे हिरवे ब्रिटन आठवतात, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये. माठातले पाणी क्षारयुक्त असते, अंगाला कोणी लावत नसे असेच धरलेले बरे.

वास : झाकण घट्ट असले तरी येतो.

२४ ऑगस्ट

अंगलेपाची चाचणी. कोरडी नीळ खलात पाण्यासोबत अर्धा तास घोटून घेतली, मग ती धरून ठेवायला चार पदार्थ : नुसते पाणी, अंड्याचा पांढरा बलक, डुकराची चरबी, झाडाचा डिंक. हाताच्या पुढच्या भागावर ५ × ५ सेंमीचे चौकोन. प्रत्येकी ०.१ ग्रॅम नीळ.

पाण्यातला लेप वाळला की अर्ध्या तासात झडू लागला. बलक सुंदर बसतो, कडक होतो आणि मनगट वाकवले की तडकतो. डिंक घामाने चिकट. चरबी सगळ्यात टिकाऊ, पण ज्याला हात लागेल त्याला पुसते. ढालीचा पट्टा, घोड्याचा लगाम सगळे निळे होईल. साबणाने चारही निघाले, फक्त रेघांत निळसर छटा एक दिवस राहिली. नीळ त्वचेला रंगवत नाही, वर बसते.

रंग : चरबीतला जाड थर जवळपास काळा. तोच बोटाने पसरवला की राखाडी निळा. एकाच बशीतून प्लिनीचा वर्ण आणि सीझरचा वर्ण. दोन्ही चौकोन चामड्याच्या तुकड्यावर उतरवून पाटी १ वर लावले.

०.१ ग्रॅमला २५ चौरस सेंमी, म्हणजे सर्वांगाच्या जाड लेपाला साठ-सत्तर ग्रॅम. आमच्या हिशेबाने तीस किलो पाने. पट्टे आणि ठिपके जास्त शक्य वाटतात. पण सीझर ‘रंगवतात’ म्हणतो, आकार सांगत नाही.

गोंदणाचे उल्लेख वेगळ्या पाटीवर. इतिहासकार हेरोडियन तिसऱ्या शतकात सेव्हेरुस सम्राटाच्या ब्रिटनमधल्या मोहिमेबद्दल लिहिताना अंगावर प्राण्यांची चित्रे गोंदल्याचे सांगतो. उत्तर ब्रिटनमधल्या टोळ्यांचे ‘पिक्ती’ हे नाव इ. स. २९७ च्या रोमन स्तुतिभाषणात पहिल्यांदा भेटते आणि लॅटिन कानाला त्याचा अर्थ ‘रंगवलेले’. सीझर आणि हे उल्लेख यांत अडीच ते साडेतीन शतके आहेत. एका चित्रात घालू नयेत. आणि वोडची नीळ गोंदायला कोणी वापरून बघू नये. नीट टिकत नाही आणि अशुद्ध पावडरीने जखम पिकते.

१४ सप्टेंबर

पाटी ७ आणि ८ : केस.

ग्रीक इतिहासकार डायोडोरस म्हणतो की गॉल लोकांचे केस मुळातच पिंगट, तरी ते चुन्याच्या पाण्याने वरचेवर धुऊन कपाळावरून मागे मानेपर्यंत ओढतात. केस जाड होऊन घोड्याच्या आयाळीसारखे दिसतात. रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयातल्या मरणासन्न गॉलच्या संगमरवरी पुतळ्यात हेच केस आहेत, मिशी आणि गळ्यातला पीळदार कडाही.

चाचणी कापलेल्या केसांच्या झुबक्यांवर. माणसाच्या डोक्यावर नाही. चुन्याची निवळी, म्हणजे वरचे स्वच्छ पाणी, लिटरमागे जेमतेम १.७ ग्रॅम चुना धरते, पण क्षारता १२.४ पर्यंत जाते. डोळ्यात थेंब गेला तर इजा होते. चामडे कमावणारे केस काढायलाच चुना वापरतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

निवळीत बुडवलेले पिंगट केस वाळल्यावर ताठर, खरखरीत, वर पांढरी भुकटी. चुना हवेतला कर्बवायू घेऊन खडू बनतो. दाट चुन्याच्या पाण्यात केस खरोखर आयाळीसारखे उभे राहिले. काळ्या केसांना रंग चढला नाही, फक्त भुरकट धूळ. म्हणजे चुना केस पिवळे करत नाही, आहे तो पिवळा उजळ दाखवतो. चोवीस तास ठेवलेला झुबका धुतल्यावर तुटू लागला. नाटकात किंवा मिरवणुकीत हे दाखवायचे असेल तर खडूची पूड आणि डिंक घ्यावा.

दुसरा पदार्थ सापो. साबण शब्दाचे मूळ याच्यापाशी जाते. प्लिनीच्या मते हा गॉलचा शोध, केस रुतिलुस करण्यासाठी. चरबी आणि राखेचा, उत्तम म्हणजे बीच झाडाची राख आणि बकऱ्याची चरबी. घट्ट आणि पातळ असे दोन प्रकार. जर्मनांत बायकांपेक्षा पुरुष जास्त वापरतात.

बीचची राख ५०० ग्रॅम, पावसाचे पाणी २ लिटर, रात्रभर मुरवून गाळले, ताजे अंडे तरंगेपर्यंत आटवले. १०० ग्रॅम चरबीत घालून तीन तास मंद आचेवर : साबण झाला नाही, दाणेदार तुपकट रबडी. राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते चरबी नीट फोडत नाही. राखेच्या पाण्यात आधी कळीचा चुना घातला की कार्बोनेट खाली बसते, वर तीव्र क्षार राहतो. त्या पाण्याने पाऊण तासात मऊ साबण. १०० ग्रॅम चरबीला साधारण १९ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, त्या मापाने सांभाळावे. प्लिनी चुना सांगत नाही. म्हणून त्याचा सापो धुण्याचा साबण कमी आणि केसांचा लेप जास्त असावा, असे आमचे मत.

रुतिलुस म्हणजे सोन्याची झाक असलेला तांबडा. रुतिलुसची गंमत रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. सम्राट कालिगुलाला जर्मनांवरच्या विजयाची मिरवणूक हवी होती आणि कैदी कमी होते. मग उंच गॉल निवडून त्यांना केस वाढवायला आणि रुतिलुस करायला लावले, जर्मन बोली आणि नावेही शिकवली. केसांचा रंग हाच शत्रूचा गणवेश.

२८ सप्टेंबर

पाटी ९ : मिनियुम. ही मराठीत लिहायला सगळ्यात सोपी गेली.

रोममध्ये सणाच्या दिवशी मुख्य देव ज्युपिटरच्या मूर्तीचा चेहरा मिनियुमने रंगवत, आणि विजयी सेनापतीचे अंगही; सेनापती कामिलुसने अशीच विजययात्रा काढली, असे प्लिनी जुन्या लेखकाच्या हवाल्याने सांगतो. नवे सेन्सॉर (जनगणना आणि सरकारी कंत्राटे बघणारे अधिकारी) आले की मूर्तीला मिनियुम लावण्याचे कंत्राट आधी देत. शेंदूर लावलेला मारुती किंवा गणपती रोज बघणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पण शब्द जपून. प्लिनीचा मिनियुम म्हणजे पाऱ्याचे खनिज, आपला हिंगूळ. आपला शेंदूर म्हणजे शिशाचा, त्याला प्लिनी दुय्यम मिनियुम म्हणतो. पुढे युरोपात मिनियुम हे नाव शिशाच्याच रंगाला चिकटले. हस्तलिखितात तो लावणे म्हणजे ‘मिनियारे’, त्यावरून मिनिएचर. लघुचित्राचा ‘लहान’ हा अर्थ मागाहून आला. इंग्रजीतून मराठीत येताना मिनियुम सरसकट शेंदूर होतो, त्यामुळे सेनापती चुकीच्या धातूने रंगतो.

हिंगूळ स्पेनमधल्या सिसापोहून मोहोरबंद येई. कायद्याने कमाल भाव पौंडाला ७० सेस्टर्स (रोमन नाणी). भेसळ जोरात. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियसची परीक्षा : लोखंडी पत्र्यावर तापवा, काळा होऊन थंड झाल्यावर परत लाल झाला तर खरा, काळाच राहिला तर भेसळीचा. ही परीक्षा कोणीही करू नये, पाऱ्याची वाफ विषारी आहे. उन्हात हिंगूळ काळवंडतो हेही तो सांगतो. आवेंतिन टेकडीवर फाबेरियुस नावाच्या लेखनिकाने उघड्या चौकाच्या भिंती हिंगुळाने रंगवल्या, तीस दिवसांत बिघडल्या. उपाय मेण आणि तेलाचा थर.

पाटीवर दगडाचा तुकडा, काचेच्या मोहोरबंद डबीत, उन्हापासून दूर. शेजारी गेरूचा पट्टा तुलनेला. दोघांना ‘लाल’ म्हणता येत नाही हे शेजारी ठेवल्याशिवाय पटत नाही.

५ ऑक्टोबर

पाटी ११ : वेनेतुस. व्हेजिटियसच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या युद्धनौकांसोबत टेहळणीच्या नावा असत, दर बाजूला वीसेक वल्ही. पांढरे शीड उघडे पडू नये म्हणून शिडे आणि दोर सागरलाटांसारख्या वेनेतुस रंगाचे, नावेला लावायचे मेणही तेच, खलाशी आणि सैनिकांचे कपडेही. लपण्यासाठी निळा, घाबरवण्यासाठी निळा. दोन्ही ब्रिटनच्या पाण्याभोवतीच.

मेणाचा नमुना : मधमाश्यांचे मेण ५० ग्रॅम, पाण्यावरच्या भांड्यात ६५ अंश. नीळ थेट टाकली तर गुठळ्या होऊन तळाला बसते, मेणात विरघळत नाही. १ ग्रॅम नीळ ३ ग्रॅम जवसाच्या तेलात घोटून मग ओतली, थिजेपर्यंत ढवळत राहिलो. पिवळ्या मेणामुळे रंग हिरवटाकडे गेला. लाटांचा म्हटला तर तोच योग्य, निळ्या आकाशाचा नव्हे. मराठी शब्द ‘मोरपिशी’ सुचला होता, पण त्यात नीगेरची चमक आहे. ‘शेवाळी निळा’ ठेवला.

१९ ऑक्टोबर

बारावी पाटी दुरुस्तीची. तेलामोनच्या लढाईत गाइसाते हे गॉल योद्धे नागडे लढले, हे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचे वर्णन. झुडपांत कपडे अडकू नयेत हेही कारण तो देतो. पहिल्या फळीत सोन्याची कडी आणि पीळदार गळेकडी. अंगावर रंगाचा शब्दही नाही. त्याच सैन्यातले इतर गॉल पायजमे आणि हलके झगे घालून होते. सीझरच्या ब्रिटनांपर्यंत यानंतर १७१ वर्षे आणि मधे समुद्र. नागडा, निळा, सोन्याच्या गळ्याचा एकच वीर चित्रात दिसला की तो दोन लढायांतून जोडलेला समजावा.

गळेकड्याबद्दल दोन ओळी वाढवल्या. इ. स. पू. ३६१ मध्ये तितुस मान्लियुसने गॉल प्रतिस्पर्ध्याचे कडे घेतले आणि त्याच्या घराण्याला तोर्क्वातुस नाव पडले. पुढे रोमन सैन्यात ते शौर्यपदक झाले. इ. स. ९ मध्ये रोमन सेनापती वारुसच्या सैन्यासोबत मारल्या गेलेल्या मार्कुस केलियुसचा स्मृतिशिला-पुतळा बॉनच्या संग्रहालयात आहे. कडी गळ्यात नाहीत, पदकांसोबत छातीवर टांगलेली.

पाट्या झाल्या. वोडची दुसरी कापणी सप्टेंबरअखेर झाली, १.६ किलो पानांतून २.१ ग्रॅम. उशिराच्या पानांत रंग कमी. वाफ्यात दोन झाडे बियांसाठी राखली, बाकी उपटली. दुसऱ्या वर्षी पिवळ्या फुलांनंतर शेंगा काळ्या पडू लागल्या की लगेच कापायच्या, नाहीतर बी सगळ्या वाफ्यात पसरते. मूत्राचा माठ अजून चालू आहे. आठवड्यातून एकदा चोळायचे आणि ३५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही.